वाचक विचारतात: एकट्याची गाडी, किनाऱ्याची वाट, मित्रांची घरं

दिवाळीनंतर किनाऱ्याने दुचाकीवर एकट्याने निघणाऱ्यांचे प्रश्न वाढतात. त्यांतले चार या वेळी घेतले आहेत.

अलिबागहून रत्नागिरीपर्यंत सागरी मार्गाने एकटाच जाणार आहे. श्रीवर्धन, दापोली आणि गुहागरला मित्र आहेत. रोज किती अंतर धरावं? खाड्या कशा ओलांडायच्या? (पुणे)

रोज १०० किलोमीटरच्या आतबाहेर धरा. नकाशावर ते फार कमी दिसतं, पण या रस्त्याला वळणं, चढउतार आणि गावांतली अरुंद वाट इतकी आहे की ताशी २५ ते ३० किलोमीटरपेक्षा जास्त सरासरी पडत नाही. तुमच्या मित्रांची गावं मात्र नेमक्या जागी आहेत, बोटीने ओलांडायची रोज एकच खाडी वाट्याला येते. पहिल्या दिवशी मुरूड करून आगरदांडा–दिघी, दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडला–वेसवी, तिसऱ्या दिवशी दाभोळ–धोपावे आणि चौथ्या दिवशी हेदवी मागे टाकून तवसाळ–जयगड. चारही ठिकाणी फेरीबोटीत गाडी चढते. तिसरा दिवस सगळ्यात लहान आहे. तो तसाच राहू द्या, एखादा पंक्चर किंवा चुकलेली बोट त्यात सामावून जाते.

शेवटच्या फेरीची वेळ आदल्या रात्रीच मित्राकडून पक्की करून घ्या. हंगाम आणि हवामानाप्रमाणे ती बदलते. दाभोळची बोट हुकली तर खेड-चिपळूणवरून गुहागरला यायला शंभरावर किलोमीटर पडतात, तेही अंधारात.

भरती-ओहोटीचा जुना हिशेब तोंडपाठ करून ठेवा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी, नऊला, ओहोटी. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक धरायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण वाट ठरवायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी सर्वांत खाली जातं ते सकाळ-संध्याकाळी पाच-सहाला, म्हणजे नेमकं निघायच्या आणि पोचायच्या वेळी. धक्क्याचा उतार तेव्हा लांबपर्यंत उघडा पडतो आणि एरवी पाण्याखाली असणारा भाग शेवाळलेला असतो. दुचाकी घसरते ती बहुतेक इथेच. उधाणाच्या दिवसांत खाडी सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान ओलांडावी.

उतारावरून बोटीत चढताना पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, डावा पाय जमिनीलगत, उजवा ब्रेकवर आणि वेग फक्त मागच्या ब्रेकने आवरायचा. ओल्या शेवाळावर पुढचा ब्रेक दाबला की पुढचं चाक आडवं जातं. लोखंडी फळीवर हँडल वळवू नका, सरळ आत जा आणि बोटीत गेल्यावर वळा. गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करा, हँडल लॉक करू नका आणि पलीकडे लागेपर्यंत गाडीजवळच उभे राहा. सामान जड असेल तर बोटीवरच्या माणसाला "जरा मागून धरा" म्हणावं. तो धरतो.

मित्र मुंबईत असतो, गावच्या घरी त्याचे आईवडील दोघंच आहेत. "खुशाल जा, घर आपलंच आहे" असं तो म्हणतो. त्यांना त्रास न होता कसं राहावं? काय न्यावं? (सोलापूर)

मित्राने होकार दिला तरी घर चालवतात ती माणसं वेगळी आहेत, त्यामुळे आधी त्याला घरी फोन करू द्या. नंतर तुम्ही स्वतः काकांशी बोला आणि चार गोष्टी सांगा: कोणत्या दिवशी येणार, किती वाजता पोचणार, खाण्याचं पथ्य काय आणि सकाळी कधी निघणार. वेळ "पाच ते सहा" अशी सांगावी. नेमकी वेळ सांगितली की त्या मिनिटापासून काकू दाराकडे बघत बसतात. खाडी पार झाली की एक फोन करा. तिथून पुढचं अंतर त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं, भात कधी लावायचा हे त्या फोनवर ठरतं.

"जेवायला थांबू नका" असं कितीही सांगा, कोकणातलं घर थांबतंच. म्हणून दिवेलागणीच्या आधी पोचणं हाच खरा उपाय आहे. गावात रात्रीचं जेवण लवकर होतं. नऊला पोचलात तर वयस्कर माणसं उपाशी बसलेली असतात आणि वर तुम्हालाच "दमला असाल" म्हणतात.

मासे खात असाल तर ते आदल्या दिवशीच सांगा, कारण बाजार सकाळी होतो. तुमचा मुक्काम सोमवारी, गुरुवारी किंवा संकष्टीला पडत असेल तर त्या घरात काय चालतं ते विचारून घ्या. एप्रिल-मेमध्ये बऱ्याच विहिरी तळाला जातात, तेव्हा एका बादलीत आंघोळ उरका आणि कपडे धुवायला काढू नका. गाडी अंगणात नेण्याआधी विचारा. सारवलेल्या अंगणात साइड स्टँड रुततो आणि खळगा पडतो. स्टँडखाली चपटा दगड किंवा नारळाची करवंटी ठेवावी.

न्यायचं ते घाटावरचं न्या. तुम्ही सोलापूरचे, तेव्हा दोन किलो शेंगदाणे, शेंगाचटणी आणि कडक भाकरी यापेक्षा चांगलं काही नाही. उन्हात बॅगेत टिकतं आणि तिथे अपूर्वाईचंही असतं. मिठाईचा पुडा दुपारपर्यंत लगदा होतो. पैसे देऊ करू नका, तो अपमान होतो. त्याऐवजी तालुक्याच्या गावातून येताना "काही आणायचंय का?" असा फोन करा. रक्तदाबाच्या गोळ्या, मिक्सरचं भांडं, बॅटरीचे सेल अशी कामं खोळंबलेली असतात, कारण बाजाराला जायचं तर एसटीत दिवस मोडतो. पाहुण्याच्या हातून असं एखादं काम झालं की त्या घराला खरंच बरं वाटतं.

मुक्काम एक रात्र. आग्रह झाला तर दोन. गणपतीत मात्र बोलावणं असल्याशिवाय जाऊ नका. घर माणसांनी भरलेलं असतं आणि तुम्हाला खाट देऊन कोणीतरी ओसरीवर झोपतं.

सामानासह दोनशे किलोमीटर झाले की चेन वाजू लागते. गॅरेजवाल्याने एकदा घट्ट केली, तरी तेच. बरोबर कोणते सुटे भाग ठेवू? (कराड)

घट्ट करणं हाच बिघाड असू शकतो. मागे वजन आलं आणि चाक खड्ड्यात गेलं की चेन आणखी ताणली जाते. आधीच ताठ असेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जोर येतो. दोन चक्रांच्या मधोमध चेनची खालची बाजू बोटाने वर-खाली करून पाहा. बहुतेक साध्या गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर ढिलाई लागते, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत असतो. चाक फिरवत चार ठिकाणी मोजा. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती असेल तर चेन असमान झिजली आहे. मग दोन्ही चक्रांसकट पूर्ण सेट बदला, नुसती चेन बदलली तर जुनी दातेरी चक्रं तिला लवकर खातात.

किनाऱ्यावर खारा वारा आणि बारीक रेती चेनवर चिकटते. एरवी ५०० किलोमीटरला तेल देत असाल तर इथे रोज मुक्कामाला पोचल्यावर द्या, चेन गरम असताना ते आत मुरतं. रॉकेल लावलेल्या फडक्याने पुसा आणि ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने थेंबथेंब सोडा. पेट्रोल किंवा तारेचा ब्रश नको, चेनमधल्या रबरी ओ-रिंग खराब होतात. गाडी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, नेऊच नका.

सुटे भाग मोजकेच: क्लच केबल, स्पार्क प्लग, फ्यूज, चेनचं लॉक. नवी क्लच केबल जुनीच्या बाजूने टेपने बांधून ठेवा. तुटली तर दोन्ही टोकं अडकवायची, दहा मिनिटांचं काम. ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चर बुजवायच्या रबरी स्ट्रिपचा किट आणि हातपंप घ्या. खिळा निघाल्यावर भोकात किटमधली कानस दहा-बारा वेळा फिरवा, लोक इथेच घाई करतात आणि स्ट्रिप बाहेर येते. मग सुईत ओवलेली स्ट्रिप भोकात खुपसा, तिचं दीड सेंटिमीटर टोक बाहेर ठेवून सुई झटक्याने ओढा, हवा भरा आणि त्यावर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे पाहा. आऱ्यांचं (स्पोकचं) चाक आणि ट्यूब असेल तर एक जादा ट्यूब ठेवा, गावात दुकान सापडतं पण तुमच्या मापाची ट्यूब सापडेलच असं नाही.

मी एकटीच स्कूटरवर दापोली ते मालवण जाणार आहे. वाटेत मैत्रिणींची घरं आहेत, तरी घरचे काळजीत आहेत. (नाशिक)

मोबाइलवरचं लाइव्ह लोकेशन खाडीच्या उतारांवर आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, अधूनमधून गोठतं आणि घरच्यांची काळजी उलट वाढते. त्यापेक्षा घरांची साखळी बांधा. ज्या घरून निघाल त्या घरच्यांनी पुढच्या घरी फोन करून सांगायचं: "आत्ता निघाली, स्कूटरचा रंग हा, नंबर हा." पुढच्या घराला तुमची वेळ माहीत. तासभर उशीर झाला तर ते तुम्हाला फोन करतील, दोन तास झाले तर वाटेवरच्या ओळखीच्या दुकानात. नाशिकहून कोणी करू शकणार नाही एवढं ते करू शकतात. सगळे नंबर कागदावर लिहून एक प्रत घरी ठेवा आणि एक डिकीत. मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८.

टाकी अर्धी झाली की भरा. पन्नास-शंभरच्या नोटांत हजार रुपये जवळ असू द्या, रेंज नसेल तिथे मोबाइलने पैसे जात नाहीत.

मे महिन्यात जाणार असाल तर परतताना प्रत्येक घर आंबे देईल. नको म्हणू नका, पण कच्चे मागा आणि पेटी न घेता दोन डझनच घ्या. पेटी मागे बांधली की तोल जातो आणि खालचे आंबे ठेचतात. पेंढ्याचा थर, त्यावर देठ खाली करून आंबे, पुन्हा पेंढा, असे कापडी पिशवीत भरून पाय ठेवायच्या जागी ठेवा. डिकी टाळा, खाली इंजिन असल्याने तिथे आंबे उबतात आणि घरी पोचेपर्यंत आतून काळे पडतात.