मुलीच्या गॅदरिंगचं शूटिंग करायला छोटा, स्वस्तातला एचडी कॅमकॉर्डर कोणता घेऊ?

सोनीचा एचडीआर-सीएक्स405 घ्या, घरगुती कामाला अगदी पुरेसा आहे. कारण एकच, झूम. 30 पट ऑप्टिकल झूम (लेन्सनेच जवळ आणणारा) आहे, म्हणजे हॉलमध्ये पार मागच्या खुर्चीवरून स्टेजवरच्या पोरीचं तोंड फ्रेमभर येतं आणि चित्र फाटत नाही, मोबाईलचा डिजिटल झूम तिथे लगेच पिक्सेल दाखवायला लागतो. वर फुल एचडी रेकॉर्डिंग, हात हलला तरी सांभाळून घेणारं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन, आणि यूएसबीची वायर हाताच्या पट्ट्यातच बसवलेली असते त्यामुळे केबल शोधत बसावं लागत नाही. मी दोन-तीन गॅदरिंग आणि एक मुंज यावरच शूट केलीये, त्यावरून सांगतोय. फक्त एक, सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) बारीक आहे, त्यामुळे संध्याकाळी घरात ट्यूबलाईटखाली दाणेदार चित्र येतं, स्टेजवर लाईट चांगला असेल तर प्रश्न नाही. मॉडेल 2015 चं आहे, सेकंडहँड घेत असाल तर आधी हे बघा:
- स्क्रीन उघडझाप करताना चमकते का
- पूर्ण झूमवर फोकस पकडतो का
- बॅटरी किती वेळ टिकते

मायक्रो एसडी कार्ड मात्र क्लास 10 (कार्डाच्या वेगाचा दर्जा) चंच घ्या.