लंडनमध्ये शिकत असताना विद्यार्थ्याला परवडेल अशा रीतीने नाटके कशी पाहता येतील?

लंडनमध्ये नाटक महाग असते हा समज वेस्ट एंड या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांच्या भागातील पुढच्या रांगांपुरताच खरा आहे. थेम्सच्या दक्षिण काठावरील, १९९७ साली पुन्हा उभ्या राहिलेल्या शेक्सपिअर्स ग्लोब या नाट्यगृहात रंगमंचालगतच्या उघड्या अंगणात सुमारे ७०० प्रेक्षक उभे राहून नाटक पाहतात आणि ही तिकिटे सर्वांत स्वस्त असतात. मात्र डोक्यावर छप्पर नसून छत्री उघडण्यास मनाई असल्याने पावसाळी कोट सोबत असलेला बरा, आणि तीन तास उभे राहण्याची तयारीही हवी. अभिनेता हाताच्या अंतरावरून प्रेक्षकांशी बोलू लागतो, तेव्हा पायांचे दुखणे विसरायला होते, हे मात्र खरे. अन्यत्र विद्यार्थी ओळखपत्र दाखवून सवलत मिळते का, हे आधी विचारावे. खांबाआड येणारी, दृश्य अंशतः झाकणारी आसने स्वस्त असतात. संवादप्रधान नाटकाला ती चालतात, संगीतिकेला नाहीत. इंग्रजी उच्चार कानांवरून निसटत असतील, तर संवाद पडद्यावर दाखवणारे प्रयोग निवडावेत. नॅशनल थिएटरमध्ये असे प्रयोग नियमित होतात.