दिवेलागण नव्हे, भर दुपार

प्रश्न : मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका. मुलाकडे ब्रसेल्सला गेले होते, तेव्हा तिथल्या संग्रहालयात बेल्जियन चित्रकार रने माग्रितचं ‘प्रकाशाचं साम्राज्य’ हे चित्र पाहिलं. अंधारातलं घर, समोर एकच पेटलेला दिवा. आमच्या वाड्यातली दिवेलागण आठवली, डोळे भरून आले. तेव्हापासून अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नात दिसावं तशा अजब चित्रांचा नाद लागलाय. पण मुलगा विचारतो, ‘अर्थ कळला नाही, तर आवडलं कसं?’ काय सांगू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, हे चित्र मी पहिल्यांदा पाहिलं ते एका जुन्या पुस्तकात, कृष्णधवल छापलेलं. संध्याकाळचं घर, एवढंच वाटलं आणि पान उलटलं. पुढे कितीतरी वर्षांनी रंगीत छपाई हाती आली आणि तेव्हा कुठे आभाळ दिसलं. ते संध्याकाळचं नाहीच! स्वच्छ निळं, पांढऱ्या ढगांचं, भर दुपारचं आभाळ आहे. मी वरचा भाग तळहाताने झाकला : रात्र. खालचा झाकला : दिवस. हात काढला, की दोन्ही एकदम, आणि अंगावर काटा.

दिवेलागणीला आभाळही आपल्याबरोबर काळवंडतं. इथे ते काळवंडायला तयार नाही. तुमच्या मनात वाडा जागा झाला आणि तरी काहीतरी हुरहुर लावून गेलं, ते या आभाळामुळे, असं मला वाटतं.

माग्रितने हा विषय १९४९ पासून पुन्हा पुन्हा रंगवला; ब्रसेल्सचं चित्र १९५४ चं. यात उडते राक्षस नाहीत, वितळती घड्याळं नाहीत. घर, झाडं, दिवा, ढग : सगळं रोजचंच, पाटी रंगवणाऱ्याच्या सफाईने काढलेलं. तरुणपणी तो वॉलपेपरच्या कारखान्यात नक्षी काढायचा, जाहिराती करायचा. ब्रसेल्सजवळच्या जेत इथल्या घरात तो २४ वर्षं राहिला आणि चित्रं जेवणाच्या खोलीत रंगवली. ते घर आता संग्रहालय आहे. पुन्हा गेलात तर चुकवू नका.

अर्थाचं म्हणाल, तर आपल्या चित्रांत प्रतीकं शोधलेली त्याला स्वतःलाच आवडत नसत. मुलाला उत्तर देऊ नका, चित्र दाखवा आणि त्याचा तळहात आभाळावर ठेवा.

आणि तुम्ही रंग आणाच. वाड्याची दिवेलागण काढा, ओसरी, कोनाडा, कंदील, जसं आठवेल तसं. वर मात्र वैशाखातलं दुपारचं आभाळ द्या. झालं की फोटो पाठवा, मी वाट पाहतोय.