हजार ली कोणी चालायचं?

चीनमधल्या लांब पल्ल्याच्या रेल्वेप्रवासावर मागच्या अंकात लिहिलं, तेव्हा वाचकांनी चिनी म्हणींबद्दल बरंच विचारलं. त्यांतली चार पत्रं इथे घेते.

आमच्या शाळेच्या जिन्यावर 'हजार मैलांचा प्रवास एका पावलाने सुरू होतो – चिनी म्हण' असं रंगवलं आहे. हे खरंच चिनी आहे का?
– एक मुख्याध्यापिका, कराड

आहे. 'छ्येन ली ज्र शिंग, श्र यू त्झू श्या'. प्राचीन चिनी तत्त्वज्ञ लाओ त्सच्या नावावर असलेल्या 'ताओ ते चिंग' या ग्रंथाच्या 64व्या प्रकरणातली ही ओळ. फक्त तिथे मैल नाहीत, ली हे चिनी माप आहे. आजचा ली अर्ध्या किलोमीटरचा आणि जुना त्याहून थोडा आखूड. म्हणजे हजार ली साधारण कराडहून मुंबई गाठायची आणि परतीला पुण्यापर्यंत यायचं, इतकं अंतर.

पण त्या ओळीच्या आजूबाजूला काय आहे ते तुमच्या जिन्यावर नाही. तिच्याआधी दोन ओळी आहेत: कवेत न मावणारं झाड केसाएवढ्या कोंबातून वाढतं, नऊ मजली मनोरा टोपलीभर मातीपासून उभा राहतो. मग हा प्रवास. पुढे लगेच बजावलं आहे की लोक काम संपत आलं की घाण करून ठेवतात, म्हणून शेवटालाही सुरुवातीइतकंच जपा. आणि जबरदस्तीने काही घडवायला जाल तर ते बिघडेल, हेही त्यातच. 'ऊठ, नीघ, जग जिंक' असं लाओ त्सला म्हणायचंच नाही. उलट याच ग्रंथाच्या 47व्या प्रकरणात तो म्हणतो की दाराबाहेर न पडताही जग कळतं आणि माणूस जितका लांब जातो तितकं त्याला कमी कळतं. 80व्या प्रकरणातलं त्याचं आवडतं राज्य तर असं, की शेजारच्या राज्यातले कोंबडे-कुत्रे ऐकू येतात, तरी लोक म्हातारे होऊन मरेपर्यंत तिकडे फिरकत नाहीत! सहलीच्या जाहिरातींना याहून अवघड माणूस मिळाला नसता.

प्रवासाची बाजू घेणारं वचन हवं असेल तर मिंग काळातले चित्रकार तुंग छीछांग (1555–1636) यांचं आहे: पुस्तकांच्या दहा हजार गुंडाळ्या वाचा, दहा हजार ली चाला. आपलं 'केल्याने देशाटन' म्हणा ना. ते मात्र निसर्गचित्रं काढणाऱ्यांना सांगत होते. एवढं केलं की मनातली धूळ झडते आणि डोंगरदऱ्या आतच उभ्या राहतात, असं त्यांचं म्हणणं.

जिना पुसू नका. दहावीच्या वर्गाबाहेर जागा असेल तर 'शंभर ली जाणाऱ्याने नव्वद म्हणजे निम्मे समजावेत' एवढं लिहा. फेब्रुवारीत त्याची जास्त गरज पडते.

मी एसटीतून निवृत्त झालेला चालक. वाट चुकण्यावर चिनी लोकांकडे काही आहे का?
– एक वाचक, परभणी

भरपूर, आणि पहिली म्हण तुमच्याच बाजूची आहे. 'लाओ मा श्र थू', म्हाताऱ्या घोड्याला वाट ठाऊक असते. इसवी सनापूर्वी 663च्या सुमारास छी राज्याचा राजा ह्वान उत्तरेकडे गूजू राज्यावर चालून गेला. जाताना वसंत होता, परतताना हिवाळा, आणि ओळखीची एकही खूण उरली नव्हती. प्रधान ग्वान जुंगने म्हातारे घोडे मोकळे सोडले, सैन्य त्यांच्या मागून गेलं आणि वाट सापडली. आज कचेरीतल्या जुन्याजाणत्या माणसाला हे कौतुकाने म्हणतात. मात्र चाळिशीतल्या साहेबाला म्हणू नका. 'म्हातारा' एवढंच त्याला ऐकू जातं.

दुसरी मला फार आवडते: 'नान युआन बेई ज', गाडीच्या दांड्या दक्षिणेकडे आणि चाकोरी उत्तरेकडे. वेई राज्याचा राजा शेजारच्या राज्याच्या हानदान या राजधानीवर हल्ला करणार हे कळल्यावर जी ल्यांग हा त्याचा माणूस अर्ध्या वाटेतून मागे फिरला. चुरगळलेले कपडे सारखे केले नाहीत, डोक्यावरची धूळ धुतली नाही, तसाच दरबारात गेला. राजाला म्हणाला, वाटेत एक जण भेटला. गाडी उत्तरेला हाकत होता आणि म्हणत होता, छू राज्याला चाललोय. छू तर दक्षिणेला. मी विचारलं, तर म्हणे माझा घोडा चांगला आहे. घोडा चांगला असेल, पण ही वाट छूची नव्हे. म्हणे पैसे भरपूर घेतलेत. म्हणे गाडीवान तरबेज आहे. अहो, हे सगळं जितकं चांगलं तितका तू छूपासून लांब जाणार!

दुभाषी म्हणून मी ज्या कारखान्यांत काम केलं, तिथल्या बैठकांत ही म्हण वरचेवर कानावर पडायची. यंत्र महागडं घेऊन भलतंच काम काढलं की कोणीतरी ती हळूच सोडायचं.

डॉ. कोटणीसांबद्दल बोलताना चिनी माणसं कोणते शब्द वापरतात?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, सोलापूर

'दूरच्या वाटेने चीनला आलेले'. 1938मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक तिकडे गेलं, त्यात तुमच्या सोलापूरचे कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. 9 डिसेंबर 1942 रोजी कोटणीस तिथेच वारले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. माओंनी लिहिलेल्या श्रद्धांजलीत हे शब्द आहेत. कॅनडाच्या डॉ. बेथ्यून यांच्यासाठी 1939मध्ये त्यांनी 'दहा हजार ली लांब न मानता' असं म्हटलं होतं. त्याचं मूळ कन्फ्यूशियसच्या परंपरेतला जुना तत्त्वज्ञ मेन्शियस याच्या ग्रंथात सापडतं. ल्यांगचा राजा त्याला म्हणतो, 'म्हातारबुवा, हजार ली लांब न मानता आलात, तर माझ्या राज्याला काही फायदा घेऊन आला असाल?' मेन्शियस त्याला तिथेच झापतो, फायद्याचं कशाला बोलता म्हणून. कोटणीसांचं स्मारक शिज्याच्वांग शहरात आहे. तिथे त्यांचं नाव 'ख दीह्वा' असं विचारा, चटकन कळेल.

मुलगा डॉक्टरकीसाठी चीनला चालला आहे. विमानतळावर त्याचा चिनी मित्रही असेल. निरोप देताना काय म्हणू?
– एक आई, नाशिक

'यी लू फिंग आन', वाटभर सुखरूप. 'फ' फळातला. पुस्तकांत 'यी लू शुन फंग', म्हणजे वाटभर अनुकूल वारा, हेही सापडेल, पण विमानाने जाणाऱ्याला ते बरेच जण म्हणत नाहीत. विमान उडताना वारा समोरूनच लागतो.

आईवडील असताना लांब जाऊ नये, हे कन्फ्यूशियसचं वाक्य कोणी ऐकवलं तर त्याचा उरलेला अर्धा भाग ऐकवा: गेलंच तर ठिकाण नक्की असावं. तुमच्या मुलाचं आहे.

आणि 'छ्युंग ज्या फू लू' लक्षात ठेवा, घरी काटकसर आणि वाटेत सढळ हात. शेनयांगला आमच्या घरमालकीण आजी मी गावाला निघाले की हे म्हणत माझ्या खिशात नोटा कोंबायच्या. निघताना च्याओझ, म्हणजे सारण भरलेले मोदकासारखे डम्पलिंग, खाऊ घालायच्या आणि परतल्यावर नूडल्स, ही उत्तरेकडची पद्धत. दक्षिणेत असेल तर तुमच्या मुलाला हे कोणी विचारणारही नाही. थोडे युआन रोख मात्र त्याच्याजवळ द्याच. तिकडे सगळे फोननेच पैसे देतात आणि नव्या माणसाचं खातं पहिल्या दिवशी चालेलच असं नाही.