लाल माठाचं पान लाल, मग अन्न बनतं कसं?

प्रश्न: झाडं हिरव्या रंगामुळे अन्न तयार करतात म्हणे, मग माझ्या कुंडीतला लाल माठ तर लालभडक आहे, त्याचं कसं चालतं?

उत्तर: अहो, हिरवा रंग आहेच त्यात, फक्त झाकला गेलाय. लाल रंग बीटमधल्यासारखाच, पेशीतल्या पाण्यात विरघळलेला. माठ उकळून बघा, लाल रंग पाण्यात उतरतो आणि पानं हिरवट दिसायला लागतात, कारण हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही. बाकी काम तेच, ऊन पकडायचं, पाणी फोडून ऑक्सिजन सोडायचा आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची साखर करायची. पण खरी गंमत पुढे आहे, माठ हा मका-उसासारखा सी-४ गटातला, म्हणजे पानातल्या शिरांभोवती खास पेशींचं कडं असतं आणि कार्बन डायऑक्साइड तिथे पंप केल्यासारखा गोळा होतो, त्यामुळे पानावरची छिद्रं कमी उघडली तरी भागतं, पाणी वाचतं, म्हणून तर एप्रिलच्या उन्हात पालक मान टाकतो आणि माठ मस्त वाढतो. कुंडी सावलीत मात्र ठेवू नका, या पंपाला जास्तीची ऊर्जा लागते, ती उन्हातूनच येणार ना!