रोध आणि शक्ती काढताना

व्होल्टला अँपिअरने भागले की रोध ओहममध्ये मिळतो आणि त्याच दोन आकड्यांचा गुणाकार केला की शक्ती वॅटमध्ये मिळते, हे तुम्ही जाणताच. चूक होते ती बहुधा कोणते व्होल्ट घ्यायचे यात. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर लाल एलईडी लावायची असेल, तर तिच्यावर सुमारे २ व्होल्ट पडतात, म्हणून तिच्याशी एकसरीत जोडलेल्या रोधकाच्या वाट्याला १० व्होल्टच येतात. धारा २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर. हे रूपांतर आधी कागदावर करावे, कारण १० ला थेट २० ने भागणाऱ्याला अर्धा ओहम मिळतो आणि एलईडी क्षणात जळते. बरोबर उत्तर ५०० ओहम आहे. दुकानात सहज मिळतात ते ४७० किंवा ५६०. मी ५६० घेईन, प्रकाशातला फरक डोळ्यांना जाणवतही नाही. त्यात सुमारे ०.१८ वॅट उष्णता होते, तेव्हा पाव वॅटचा रोधक चालेल खरा, पण तो चांगलाच तापेल; अर्ध्या वॅटचा बसवावा.

जुन्या १०० वॅटच्या तंतूच्या दिव्याचे गणित मात्र फसवे आहे. २३० व्होल्ट आणि ०.४३ अँपिअरवरून त्याचा रोध सुमारे ५३० ओहम येतो, पण तोच दिवा काढून, थंड असताना मल्टिमीटरने मोजला, तर आकडा त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी दिसतो. मीटर बिघडलेला नसतो; टंगस्टन तापल्यावर त्याचा रोध वाढतो. पंख्याची शक्ती काढताना व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकाराला पॉवर फॅक्टरनेही, म्हणजे त्यातला किती हिस्सा खरी शक्ती आहे हे सांगणाऱ्या, एकाहून कमी असलेल्या आकड्यानेही गुणावे लागते.