बॉल पायथनची मादी वाळली, परत जोडी लावू का?

प्रश्न : माझ्याकडे बॉल पायथनची (पाळतात तो छोटा आफ्रिकन अजगर) मादी आहे, परिवेश या सरकारी पोर्टलवर रीतसर नोंद केलेली. एप्रिलमध्ये तिनं 6 अंडी दिली. जोडी लावायच्या आधी 1650 ग्रॅम होती, आता ऑक्टोबर आला तरी 1200च आहे. उंदीर कधी खाते कधी नाही, म्हणून बोनलेस चिकनचे पीस देऊन राहिलो. मित्र म्हणतो नोव्हेंबरमध्ये परत नर सोड. सोडू का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नका सोडू भाऊ, यंदा तर अजिबात नको. अंडी पोटात असताना ही मादी बहुतेक वेळा खाणंच सोडते आणि अंडी तिच्याकडेच ठेवली तर पुढचे दोन महिने त्यांच्याभोवती वेटोळं घालून उपाशी बसते, म्हणजे ती सहा अंडी तिनं स्वतःच्या अंगातल्या चरबीतून काढली आहेत आणि ती अजून भरून आलेली नाही. पाठीवरून बोट फिरवून बघा, कणा धारेसारखा लागतो का? भरलेल्या मादीची पाठ गोल लागते.

सहा महिने झाले तरी वजन येत नाही म्हणजे आधी डॉक्टर. सेमिनरी हिल्सला व्हेटरनरी कॉलेज आहे, तिथे नाहीतर सापांची सवय असलेल्या डॉक्टरकडे न्या, जंतांसाठी विष्ठा तपासा आणि एक्स-रे काढा, कारण कधीकधी एखादं अंडं आत राहून जातं आणि वरून कळत पण नाही.

चिकनचे पीस आजच बंद करा, हे मी कळकळीनं सांगतोय. बोनलेसमध्ये हाडं नाहीत, म्हणजे कॅल्शियम नाही, आणि कॅल्शियम कमी पडलं की अंडी ढकलायला स्नायूंत जोरच राहत नाही, मादी अडते. अख्ख्या उंदरात हाडं, लिव्हर सगळं येतं. सुरुवातीला लहान उंदीर द्या, फ्रोझन असेल तर नीट कोमट करून, जिवंत नको, तो सापालाच चावतो. ती राहते तो टब धुऊन टाका, मादीला पण कोमट पाण्यानं हलकं धुवा, अंड्यांचा वास राहिला तर काही माद्या खातच नाहीत. आणि डिसेंबरात आपल्याकडे रात्री पारा 10च्या खाली जातो, तेव्हा टबाची गरम बाजू 31-32 डिग्री राहिलीच पाहिजे, थर्मोस्टॅट (तापमान आपोआप राखणारं यंत्र) लावूनच, थंडीत साप पचवू शकत नाही.

दर आठवड्याला किचनच्या काट्यावर डब्यासकट वजन करा, वहीत लिहा. परत 1600 पार गेली, काही महिने टिकली, तरच पुढच्या हिवाळ्यात विचार करा. तेव्हा अंड्यांआधीची कात टाकली की तारीख लिहा, तिथून साधारण महिनाभरात अंडी येतात. काही अंडी देऊन थांबली आणि पोटाच्या मागच्या भागात गाठ दिसतेय तर हातानं दाबून काढायला जाऊ नका, आत फुटलं तर मादी जाते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.